अप्पांच्या तळहातात

६ मार्च, गुरुवार

ही डायरी कुठल्याशा औषध कंपनीची आहे. दर जानेवारीला रवीच्या लॅबमध्ये टाय लावलेला एक माणूस येतो, एक डायरी देऊन जातो, आणि आमच्या घरी ती गरम पातेल्याखाली ठेवायच्या कामाला येते. यंदाच्या डायरीवर अजून डाग पडलेला नाही म्हणून लिहायला घेतली. बोलायला माणसं नाहीत असं नाही. पण ज्याला सांगावं तो रडायला तरी लागतो, नाहीतर मलाच समजवायला लागतो.

अप्पा सोमवारी गेले.

फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजला हुक लावत होते. शरणबसव, माझा धाकटा भाऊ, एवढंच म्हणाला, "अप्पा गेला. यायचं आसल तर ये." यायचं असेल तर! बापाच्या मातीला लेकीनं यायचं असेल तर! हळ्ळीखेडहून राजेश्वरपर्यंत मी मोटारसायकलवर रवीच्या पाठीला कपाळ टेकून बसले. तो सगळ्या वाटेत एक शब्द बोलला नाही. नवरा म्हणून त्याचा हा एक गुण मोठा आहे.

अप्पांना ओसरीवर बसवलं होतं. आमच्या माहेरी गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. पूजेला बसावं तसं मांडी घालून बसवतात आणि मातीतही बसलेलंच ठेवतात. भिंतीला टेकवलेले, कपाळाला विभूती, डोक्याला पटका. मी ऊर बडवत होते आणि आई, आमची अव्वा, पटका बांधणाऱ्या माणसाला सांगत होती, "डावीकडं झुकलाय. नीट बांध. बाजाराला जाताना बी त्यो आसा बांधत नव्हता."

शेतात खड्डा तयार होता. अप्पांना आत बसवलं. अव्वानं पदराखालून इष्टलिंग, आमच्यात जन्मभर गळ्यातल्या डबीत बाळगतात ते, काढून शरणबसवला दिलं, त्यानं ते अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवून बोटं मिटली. मग लोक बेलपानं आणि विभूती टाकायला लागले. मी पुढे झाले तसा शरणबसव आडवा आला. "तुझ्या गळ्यात लिंग हाय का? न्हाई ना? मग थितंच थांब."

चौदा वर्षांपूर्वी रवीशी लग्न करायचं म्हणून मी बाप्तिस्मा घेतला. घरातून निघताना लिंग गळ्यातून काढून अव्वाच्या ओंजळीत ठेवलं होतं. त्या दिवसानंतर अप्पा माझ्या घरी कधी पाणी प्यायले नाहीत. यायचे, बाहेर कट्ट्यावर बसायचे, माझ्या लेकराला, शैलूला, केळी द्यायचे आणि जायचे. मी त्यांच्या लेखी संपलेच होते. तरी एक बेलपान टाकलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? बांधावरच्या कडुनिंबाखाली मी हातात पान धरून उभी राहिले. ते पान कुठे पडलं तेही आठवत नाही.

९ मार्च, रविवार

चर्चला गेले.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी चर्चला जायचे ती सासू होती तोवर सासूसाठी आणि ती गेल्यावर सवयीनं. प्रार्थनेला डोळे मिटले की मला बायकांच्या ब्लाउजांचे गळे दिसायचे. कुणाचा खांद्यात ओढतोय, कुणी माझ्याकडे टाकायचा सोडून बिदरला शिवून आणलाय. देवानं मला क्षमा करावी, पण देवापेक्षा शिवण जास्त दिसायची.

आज पास्टर जयराज यांनी मित्राच्या थडग्यापाशी गेलेल्या प्रभूची गोष्ट सांगितली. मित्र मेलेला. थोड्या वेळानं आपण त्याला उठवणार आहोत हे प्रभूला ठाऊक होतं. तरी आधी तो रडला. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल. आज ऐकताना मला तो बांध आठवला, ते कडुनिंबाचं झाड आठवलं, आणि तिथे मी एकटी नव्हते असं वाटलं. शेजारी कुणीतरी उभं होतं आणि तेही रडत होतं. मी बाकावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. मागच्या बाईनं पाठीवर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

असलं काही मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहिलंय तर राहू दे. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेला नाही, पण एका बाजूनं कुणीतरी हात लावला. आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. सोमवारपासून पहिल्यांदाच.

१२ मार्च, बुधवार

मशीनवर पाय चालायला लागले की आपोआप प्रार्थना सुरू होते. मोठ्यानं नाही. "प्रभू, अप्पांना सांभाळ." एवढीच. आज बाहीला काठ लावता लावता मनात आलं, सांभाळ म्हणते खरी, पण अप्पा त्याच्याकडे आहेत का? त्यांनी तर मरेपर्यंत लिंग पुजलं. मग कुठे आहेत?

रवी भात कालवत होता. त्याला विचारलं.

"आसलं इचारू न्हाई," म्हणाला.

"कामून?"

"उत्तर आलं तर काय करशील?"

चौदा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला, आणि तेही नेमकं मला नको होतं तेव्हा.

१३ मार्च, गुरुवार

अव्वाचा फोन. तिचं बोलणं नेहमी दोन वाक्यांचं.

"आयतवारी तुझ्या देवळाला गेलतीस का?"

"गेलते."

"जीव थंड झाला?"

"जरासा."

"मग जात जा. चुकवू नगंस."

बिचारी. तिला एवढंच ठाऊक, की पोरगी दर रविवारी कुठेतरी जाते. आत काय चालतं ते तिला काय कळणार.

१६ मार्च, रविवार

राहवलं नाही. उपासना संपल्यावर पास्टरांना गाठलं. माणूस तरुण आहे, अजून मिशीही धड फुटलेली नाही, पण मनाचा चांगला. म्हटलं, "मला सरळ सांगा. माझे वडील मला परत भेटतील का?"

त्यांनी घाम पुसला. म्हणाले, "जे प्रभूवर विश्वास ठेवून जातात त्यांच्या भेटीची आपल्याला खात्री आहे, ताई. बाकीच्यांचं... बाकीच्यांसाठी आपण प्रार्थना करूया."

बाकीचे! माझे अप्पा 'बाकीचे' झाले. आजवर माहेरच्यांनी मला बाकीची केलं होतं, आता इथे अप्पांना केलं. मी नमस्कारही न करता बाहेर आले. ज्या घरात अप्पांना जागा नाही तिथे मी पाट मांडून बसू का? आणि नाही बसले तर गेल्या रविवारी माझ्या शेजारी जो रडला त्याला काय सांगू? त्याचं तर काही चुकलं नाही.

डोकं दुखायला लागलं. आज प्रार्थना नाही. मशीनही नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज जे ऐकलं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी शरणबसवचा फोन. ओरडतच होता. अव्वा पूजेला बसली होती, हा मागून आला, तर तिच्या पुढ्यात दोन लिंगं. एक तिचं. दुसरं माझं असेल, देवळीत पडून होतं ते, असं त्याला वाटलं. पण डबी बघितली तर चांदीची, एका कोपऱ्याला चेपलेली. अप्पांची! मग अप्पांच्या हातात काय दिलं? देवळीतली माझी पितळेची डबी रिकामी.

अप्पा माझं लिंग हातात घेऊन मातीत बसलेत.

"तूच बदललंस," शरणबसव म्हणाला.

"मी? मला तर तू बांधाच्या अलीकडं येऊ दिलं न्हाईस!"

यावर तो जास्तच ओरडायला लागला. अव्वा म्हणते, माझ्याकडून चुकून झालं. दुसरं काय होणार? नवरा गेलेला, घरात ही गर्दी, तिला कुठलं भान. आता गावात कुजबूज सुरू झाली आहे. ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्या हाती नसेल तर तो माणूस लिंगैक्य झाला असं कसं म्हणायचं? आणि जिवंत माणसाचं लिंग मातीत गेलं म्हणजे ते माणूसही गेल्यातच जमा. माझ्याविषयी ते शरणबसवला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

२३ मार्च, रविवार

चर्च चुकलं. राजेश्वरला गेले. मठातले स्वामी ओसरीवर बसले होते. म्हातारे, शांत, बोलताना डोळे मिटणारे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. समाधी उकरून अप्पांचं लिंग अप्पांच्या हाती द्यायचं ही एक. नाहीतर मी त्यांच्या हातून नवं लिंग धारण करायचं. मग जुनं माझं राहत नाही, ते नुसतं लिंग होतं आणि अप्पांच्या हाती राहिलं तरी दोष नाही.

"एकदा बांधून घे," शरणबसव म्हणाला. "बापासाठी. मग तुझ्या घरी जाऊन काय करायचं ते कर. आमी बघायला येणार हाव का?"

मला उकरणं डोळ्यांपुढे आलं. वीस दिवसांनी. कसे असतील अप्पा? मी उठून स्वयंपाकघरात गेले.

अव्वा तिथे तूर पाखडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू गेलीस तवापासनं त्यो दोन्ही पुजायचा. आधी तुझं, मग त्याचं. रोज."

"कोण?"

"कोण म्हंजी? तुझा बाप."

मी खालीच बसले. चौदा वर्षं जो माणूस माझ्या घरचं पाणी प्यायला नाही, तो रोज सकाळी माझं लिंग डाव्या हातावर घेऊन त्याला पाणी घालत होता! मला कुणी सांगितलं का नाही? अव्वा म्हणाली, "सांगू नगं म्हणायचा." शरणबसव दारात उभा होता. त्यालाही ठाऊक नव्हतं वाटतं. तो बाहेर गेला आणि कितीतरी वेळ उगीच मोटारसायकल पुसत बसला. राग, दुसरं काय. त्याचा राग नाकावरच असतो.

२६ मार्च, बुधवार

एका दिवसाचा तर प्रश्न आहे. दोरा गळ्यात घालायचा, स्वामी जे सांगतील ते म्हणायचं, घरी येऊन काढून ठेवायचं. लग्नासाठी एक काढलं, मातीसाठी एक घालायचं. माझा हात त्यात बसलेला आहे.

पण होत नाही. तेव्हा सोपं गेलं कारण मी इकडचंही काही मानत नव्हते आणि तिकडचंही. आता मानते. गंमत बघा, बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती झाले नाही आणि झाले ती बापाच्या समाधीला हात लावू दिला नाही त्या दिवशी. खोटं बोलायचं तर आता दोन्हीकडे खोटं होतं. त्याच्याशीही, आणि अप्पांशीही. जे लिंग त्यांनी इतक्या निष्ठेनं पुजलं ते मी नाटकातल्यासारखं गळ्यात बांधून मिरवू? त्यांना ते आवडलं असतं का?

रवी म्हणाला, "घालायचं तर घाल, न्हाईतर नगं. मी दोन्हीकडं येतो तुझ्यासंगं."

मी त्याच्यावर खेकसले. म्हटलं, तुला स्वतःचं मत म्हणून काही आहे का? नंतर वाईट वाटलं. त्याला पापड भाजून दिले.

३० मार्च, रविवार

चर्चला गेले नाही. घरातच बसले. दुपारी पास्टर जयराज स्वतः आले. काखेत एक पिशवी, तिच्यात त्यांचा झगा. शिवण उसवली म्हणाले. उसवलेली शिवण जेमतेम चार बोटं. एवढ्यासाठी कुणी उन्हात येतं का? मी मुकाट्यानं मशीनला घेतली.

ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला परीक्षेतलं उत्तर दिलं. माफ करा."

मी टाका घालत राहिले.

"माझे आजोबा खजुरीला होते. मला त्यांनीच वाढवलं, खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे. चर्चमध्ये शेवटपर्यंत आले नाहीत. मी पास्टर झालो तेव्हा सगळ्यात जास्त पेढे त्यांनी वाटले. ते गेल्यावर जे तुम्ही मला विचारलंत ते मी कुणालाच विचारलं नाही. भीती वाटली."

"मग आता काय करता?"

"देवावर सोपवतो. रोज सकाळी सोपवतो, आणि दुपारपर्यंत परत उचलून घेतो. मग संध्याकाळी पुन्हा सोपवतो."

मला हसू आलं आणि रडूही आलं. झगा दिला. शिवणीचं काही घेतलं नाही. ते गेल्यावर रवीला म्हटलं, मी दोरा घालणार नाही. माझ्यात एवढं धैर्य कुठून आलं ठाऊक नाही. उत्तर तर त्यांनीही दिलं नव्हतं. पण अप्पांच्या रांगेत एक आजोबाही बसलेत, एवढं कळलं.

२ एप्रिल, बुधवार

शरणबसवला फोन केला. सरळ सांगितलं. "मला जमणार न्हाई. खोटं बांधून घेतलं तर अप्पाचाच अपमान व्हतोय."

"मग शनवारी उकरणार."

"शरण्या, आरं त्यो बाप हाय आपला."

"म्हणूनच," म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून जेवण जात नाही. माझ्या खऱ्याची किंमत अप्पांनी का द्यायची? प्रभू, तू मित्राचं थडगं उघडायला सांगितलंस ते त्याला उठवायला. हे उघडणार आहेत ते कशाला?

५ एप्रिल, शनिवार

घडलं ते असं.

आम्ही पोचलो तेव्हा कडुनिंबाखाली पाच-सहा माणसं होती. स्वामी खुर्चीवर. सिद्धप्पा, ज्यानं समाधी खणली होती, तो फावडं घेऊन उभा, पण त्याचे पाय पुढे पडत नव्हते. शरणबसवच्या हातात अप्पांची चांदीची डबी. या वेळी मला कुणी बांधावर अडवलं नाही. अडवायला कुणाचं लक्षच नव्हतं.

शरणबसवनं सिद्धप्पाला खूण केली. तेवढ्यात अव्वा आली. घरापासून शेतापर्यंत एकटीच चालत आलेली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. सरळ मातीच्या ढिगावर गेली आणि मांडी घालून बसली. बरोब्बर वर.

"बेड," म्हणाली. नको. अव्वा कन्नडात एका शब्दावर आली की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही.

शरणबसव बोलला. "अव्वा, ऊठ. चूक झाली ती दुरुस्त करायलोत."

"चूक माझी हाय. मी मेल्यावर मला इचारतील वर. तू कामून घाई करायलास?"

"आगं पण अप्पाची डबी चांदीची, हिची पितळंची. ती एवढी, ही एवढी. हातात घेतल्यावर बी कळलं न्हाई तुला?"

"न्हाई कळलं. म्हातारी हाय मी. डोळं गेल्यात."

"आन डबी उघडून लिंग काढलंस तवा?"

"तवा बी न्हाई कळलं," अव्वा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कशाला बघितलं कोण जाणे. मी मान खाली घातली. मला तिची इतकी कीव आली. चारचौघांत म्हातारीला असं उलटसुलट विचारायचं म्हणजे काय!

मग ती स्वामींकडे वळली. "स्वामी, ह्याचं लिंग मी पुजते. मी गेल्यावर माझं आन ह्याचं, दोन्ही माझ्या हातात द्या. नवऱ्याचं बायकूच्या हातात गेलं तर दोष हाय का?"

स्वामींनी डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी आत प्रार्थना करत होते. कशासाठी ते शब्द नव्हते, नुसतंच 'बघ, बघ, बघ' असं.

"दोष हाय आसं कुठं वाचल्याचं मला आठवत न्हाई," स्वामी म्हणाले. मग म्हणाले, "आन बापाच्या हातात लेकीचं गेलं तर दोष हाय, आसं बी आता आठवत न्हाई. वय झालं."

सिद्धप्पानं फावडं खांद्यावर टाकलं आणि मोकळा श्वास सोडला. शरणबसवनं डबी अव्वाच्या मांडीत ठेवली. त्याचा चेहरा मला बघवला नाही. रागानं लाल होता की काय, तो तसाच उसाच्या फडाकडे निघून गेला आणि आम्ही निघेपर्यंत आला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

अव्वाला चार दिवस हळ्ळीखेडला आणलं. कपाळाला विभूती लावून ती सकाळी दोन्ही लिंगांची पूजा करते. इकडे मी प्रार्थनेला गुडघ्यावर. रवी चहा करतो. घरात भांडण नाही.

तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत. मोतीबिंदू असणार. आज मशीनची सुई मला तीनदा ओवता आली नाही, तर तिनं दोरा दातानं तोडला आणि एका झटक्यात ओवून दिला. सवय, दुसरं काय. हुमनाबादला डॉक्टर चांगला आहे म्हणतात. म्हटलं, चल. तर म्हणते, "मला दिसायचं ते दिसतंय."

हट्टी आहे.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे जण आपापली थडगी साफ करून चुना लावतात. सकाळी सासू-सासऱ्यांच्या थडग्याला लावला. बादलीत चुना उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून झाकण लावून, अव्वाला सोडायच्या निमित्तानं, मी तो राजेश्वरला घेऊन आले. निमित्त हे मी रवीला सांगितलेलं. खरं म्हणजे चुना मी मुद्दामच जास्त कालवला होता.

अप्पांच्या मातीभोवती आता दगडांची एक ओळ रचली आहे. शरणबसवनंच रचली असणार. मी पहिल्या दगडाला ब्रश लावला आणि तो आला. उसाला पाणी लावून आला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. त्या शनिवारनंतर आमचं बोलणं नव्हतं.

"काय करायलीस?"

"चुना लावायले."

"दिसतंय मला. कामून?"

मी सांगितलं. उद्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन थडग्यांपाशी जातो. प्रभू उठला तो दिवस. एक दिवस मेलेलेही उठतील असं आम्ही मानतो.

"समदे?"

इथे मी पास्टरांसारखा घाम पुसला. म्हटलं, "समदे का थोडे, मला ठाव न्हाई. मी अप्पाला मागायले. रोज मागायले. देणार का न्हाई ते त्याच्यापाशी."

तो बांधावर बसला. मला वाटलं आता काहीतरी टाकून बोलेल. मग उठला, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि पलीकडच्या बाजूला बसून दगड रंगवायला लागला. माझ्यापेक्षा नीट लावत होता. बापावर गेलाय त्या बाबतीत.

"तुमची मानसं समदी आडवी निजलेली," तो म्हणाला. मान वर केली नाही. "त्यास्नी आदी उठून बसावं लागंल. मग हुबारायचं. अप्पा बसलेलाच हाय. समद्यांत पयला त्योच हुबारंल बघ."

मी हसले. खरंच हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या बादलीभर चुन्यासमोर मला पहिल्यांदा अप्पा उठताना दिसले. गुडघ्यावर हात टेकून, "हं" म्हणत, जसे ओसरीवरून उठायचे तसे. इतके रविवार डोळे मिटून मला जे दिसलं नव्हतं ते माझ्या या भांडकुदळ भावानं दाखवलं.

मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचा ब्रश थांबलेला.

"उठल्यावर हातात तुझंच दिसंल त्याला," तो म्हणाला. "तुलाच हाक मारंल. रोज भाकरी मी आणून दिली, दवाखान्याला मी नेलं, शेवटचं पाणी मी घातलं. आन पुजलं तुझं." चिखलाच्या मनगटानं त्यानं नाक पुसलं. "तू थितं आसशील तवा. सांग त्याला, शरण्या बी हितंच हाय म्हणून."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचो तसे आम्ही बसलो, खांद्याला खांदा लावून, आणि तो मोठ्यानं रडला. अप्पा गेल्यापासून त्याला रडताना मी आजच पाहिलं.

"सांगते," म्हटलं. "पण तू बी ये की संगं."

"बघू," म्हणाला.